दीड बदक

डावरी मावशीच्या दुकानात एका वेळी एकच गिऱ्हाईक मावतं, तेही पोट आत घेऊन उभं राहिलं तर. उरलेली जागा शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खुद्द मावशी यांनी व्यापलेली. ती डाव्या हाताने शिवते म्हणून डावरी, आणि अख्ख्या रस्त्यावर कोणाचीच सख्खी नाही म्हणून सगळ्यांची मावशी. वय पंचेचाळीस. चष्मे तीन: एक नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा ती दिवसभर शोधत असते.

तिची खासियत म्हणजे काज. बाकीचं शिवणकाम ती करते, पण पाहुण्यांशी बोलावं तसं, रीतीपुरतं. काज घालायला बसली की मात्र चेहरा बदलतो. मशीनवर जे काज अर्ध्या मिनिटात पडतं त्याला तिला हाताने वीस मिनिटं लागतात, तरी शहरातले चार-पाच नावाजलेले टेलर आपले भारी कोट काजासाठी तिच्याकडेच धाडतात.

"मशीनचं काज म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक," ती म्हणते. "माझं म्हणजे दार."

हे सगळं तिला बाबांनी शिकवलं. बाबा उजव्या हाताचे. त्यांनी पोरीचा डावा हात सोडवायची दोन वर्षं खटपट केली आणि मग हात टेकले. तिच्या काजाचे टाके जगाच्या उलट दिशेला झुकत. "उलटं तर उलटं," बाबा म्हणाले, "पण एकसारखं उलटं घाल." दुसरी शिकवण बटणाची. बटण नुसतं कापडावर लावायचं नाही, कापड फाटतं. मागून चिंधीचा एक लहानसा तुकडा द्यायचा. बाबा त्याला 'पाठ' म्हणत. "बटणाला पाठ दिलीस का?" हा त्यांचा प्रश्न ती अजून स्वतःलाच विचारते, तोंडात सुई धरून, अर्धवट.

तर अशा या दुकानात गेले सात महिने एक वकीलबाई येत होत्या. वय तिशीच्या आतबाहेर, हातात कायम फाईल, आणि पँटची दुमड कायम सुटलेली.

"मावशी, दुमड गेली परत."

"तू चालतेस की पळतेस गं?"

"पळते."

"मग हाफपँट घाल. माझा जीव तरी सुटेल."

वकीलबाई हसायच्या, पडद्यामागे जाऊन कमरेला टॉवेल गुंडाळून उभ्या राहायच्या आणि मावशी दुमड घालेपर्यंत इकडचं तिकडचं बोलायच्या. दुमडीचं निमित्त होतं हे दोघींनाही ठाऊक होतं. पहिल्याच भेटीत वकीलबाईंनी सरळ सांगितलं होतं की त्या युद्धातल्या गुन्ह्यांसाठी नेमलेल्या विशेष न्यायालयात काम करतात आणि मावशींनी साक्ष द्यावी अशी त्यांची इच्छा आहे. मावशीने तितकंच सरळ सांगितलं होतं, "मला काही आठवत नाही. पँट दे."

आठवत सगळं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी, ती एकोणीस वर्षांची असताना, युद्धाच्या दुसऱ्या हिवाळ्यात सैनिकांनी मुलींची शाळा ताब्यात घेतली. वरच्या मजल्यावरच्या चित्रकलेच्या वर्गात अकरा बायकांना कोंडलं. तिथे एकोणचाळीस दिवस त्यांच्यावर बलात्कार झाले. अकरातल्या सात जणी घरी आल्या, चौघी आल्या नाहीत. त्या मजल्याची किल्ली ज्या अधिकाऱ्याकडे होती, दाराशी उभं राहून आज कोणाला न्यायचं हे जो ठरवायचा, तो आता पासष्ट वर्षांचा होता आणि न्यायालयात म्हणत होता की मी ती शाळा बाहेरूनसुद्धा पाहिलेली नाही. मी तेव्हा दुसऱ्या गावी, मालगाड्यांच्या डेपोत कारकून होतो. डेपोचे कागद जळून गेलेले. परत आलेल्यांपैकी दोघींनी त्याला ओळखलं, तर त्याचा वकील म्हणाला, सव्वीस वर्षांनी चेहरे सारखेच दिसतात. महिनाअखेरपर्यंत त्याचा शाळेशी संबंध जुळवता आला नाही, तर तो घरी जाणार होता. त्याला नातवंडं होती आणि बागकामाची आवड होती, असंही त्याच्या वकिलाने सांगून ठेवलं होतं.

त्या दोघींनीच सांगितलं होतं की आमच्यात एक शिंप्याची मुलगी होती, तिला तो आपला कोट दुरुस्त करायला लावायचा. वकीलबाईंनी सगळं शहर पालथं घातलं आणि दुमड सुटलेली पँट घेऊन डावरी मावशीच्या दारात आल्या.

मावशी का बोलत नव्हती? भीती त्या माणसाची नव्हती. भीती घरात होती, एकवीस वर्षांची, औषधाच्या दुकानात काम करणारी, आईच्या तिसऱ्या चष्म्याचा शोध लावण्यात तरबेज असलेली. युद्धानंतर दोन वर्षांनी मावशीने एका बेकरीवाल्याशी लग्न केलं. त्याला तिने सगळं सांगितलं होतं. त्याने एकदा ऐकलं, तिच्या हातावर हात ठेवला आणि मरेपर्यंत पुन्हा विषय काढला नाही. पण लेकीला कोण सांगणार? लहानपणी शाळेत जाताना ती त्या मुलींच्या शाळेवरून जाणारा जवळचा रस्ता धरू पाहायची, आणि मावशी तिला दहा मिनिटांचा वळसा घालून न्यायची. "तिकडे कुत्री आहेत," एवढंच सांगायची. मुलगी मोठी झाली, नोकरीला लागली, तरी सवयीने वळसा घालूनच जायची. आपल्याकडे बघणारी तिची नजर उद्या बदलली तर, एवढ्या एका विचाराने मावशीने सात महिने पँटी शिवल्या.

मग तो अहवाल आला.

झालं असं की, त्या अधिकाऱ्याला आपल्या कोटाचं भारी कौतुक. निवृत्तीनंतर त्याने तो सैनिकांच्या स्मारकाला दिला होता. काचेच्या कपाटात, खाली पाटी: 'युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत अंगावर असलेला कोट.' वकीलबाईंनी तो न्यायालयात मागवून घेतला आणि एका तज्ज्ञाला दाखवला. त्या दुपारी टॉवेल गुंडाळून उभ्या असताना त्या तज्ज्ञाचा अहवाल त्या वैतागून स्वतःशीच वाचत होत्या.

"'पाचही काजे मूळ शिलाईनंतर पुन्हा घातलेली आहेत. टाक्यांची दिशा उलट आहे. काम नवशिक्या हाताचे दिसते. कोटधारकाने ते स्वतःच केले असण्याची शक्यता नाकारता येत नाही.' संपलं. तो म्हणतोच आहे, डेपोत बसून मीच शिवली म्हणून."

मशीन थांबलं.

"काय हाताचं?"

"नवशिक्या."

"नवशिक्या," मावशी म्हणाली. नाकावरचा चष्मा तिने काढला, कपाळावरचा नाकावर घेतला. "नवशिक्याचं काज एक इकडे झुकतं, एक तिकडे. पाचही एकसारखी उलटी आहेत ना? मग? आणि तो काय शिवणार? त्या माणसाला सुई कुठल्या टोकाने धरायची ते माहीत नव्हतं. दोऱ्याची गाठ मारायला सांगितली तर बुटाच्या नाडीसारखं फूल काढून दिलं त्याने."

वकीलबाईंनी फाईलमधून डोकं वर काढलं नाही. काढलं असतं तर बोलणं तिथेच तुटलं असतं, एवढी अक्कल त्यांना वकिलीने दिली होती.

"हे तुम्हाला कसं माहीत, मावशी?" त्यांनी पानावर नजर ठेवूनच विचारलं.

मावशीने हातातल्या पँटकडे पाहिलं. जीभ घसरली होती आणि आता ती परत आत घेता येणार नव्हती.

"बस," ती म्हणाली. बसायला जागा नव्हती. वकीलबाई इस्त्रीच्या टेबलावर टेकल्या, टॉवेल सावरत. मावशीने सांगायला सुरुवात केली आणि मध्येच एकदा थांबून विचारलं, "आणि त्या तज्ज्ञाने अस्तर उसवलं का?"

"नाही. स्मारकवाल्यांनी हात लावू दिला नाही."

"मग त्याने पाहिलंय काय, कपाळ? काजं काय बघतोस बाबा. बटणांच्या मागे बघ. मी पाठ दिल्याशिवाय बटण लावत नाही."

लेकीला सांगणं याहून अवघड गेलं. मावशीने चार दिवस वेळ शोधली. पाचव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, दोघी पलंगावरची चादर ताणून घडी घालत होत्या. एक टोक हिच्या हातात, दुसरं तिच्या. मध्ये चादर असली की बोलायला बरं पडतं. मावशीने सांगितलं. फार नाही सांगितलं, पण काही मागेही ठेवलं नाही. लेकीने चादर सोडली नाही.

मग ती म्हणाली, "म्हणजे कुत्री नव्हती."

"नव्हती."

"चौदा वर्षं मी वळसा घालतेय, आई."

"मला माहीत आहे."

"दोन जोड चपला जास्त झिजल्या असतील." ती चादरीची टोकं जुळवत पुढे आली आणि आईजवळ पोचल्यावर घडी घालायची विसरून तशीच तिला चादरीसकट धरून उभी राहिली. मावशी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत होती. नजर बदलली की नाही ते बघायचं धाडस होईना. शेवटी लेकीनेच मान मागे केली आणि तिच्याकडे पाहिलं. नाकाचा शेंडा लाल झालेला. बाकी नजर तीच, चष्मा हरवल्यावर असते ती.

"मी कोर्टात येणार," ती म्हणाली.

"मुळीच नाही."

"मग तुझा तिसरा चष्मा कोण शोधणार?"



कोर्टाच्या दाराशीच घोळ झाला. मावशीची पर्स यंत्रातून गेली आणि पहारेकऱ्याने आतून लांब कात्री बाहेर काढली.

"हे काय आहे, बाई?"

"कात्री."

"ते दिसतंय. कोर्टात कशाला?"

"मी डावखुरी आहे. तुमची कात्री माझ्या हाताला चालत नाही." पहारेकरी तिच्याकडे बघत राहिला. हे उत्तर आहे की गुन्हा, हे त्याच्या नियमात नव्हतं. कात्री प्लास्टिकच्या टोपलीत गेली आणि मावशीला बिल्ला मिळाला.

वकीलबाईंनी विचारलं होतं, पडद्याआडून साक्ष देता का, चेहरा दिसणार नाही. मावशी म्हणाली, पडद्याआड उजेड नसतो, काज कसं दाखवू? त्यांनी हेही सुचवलं होतं की तो शब्द जड जात असेल तर 'अत्याचार' म्हणा. मावशीने मान हलवली. "अत्याचार पाणी तोडलं तरी म्हणतात. बलात्काराला बलात्कारच म्हणते." आणि तिने तसंच म्हटलं, तीनदा, टाइप करणाऱ्याला पुरेसा वेळ देत. पहिल्या रांगेत लेक बसली होती. लेकीच्या शेजारी एक म्हातारी. ही आजी गेली दोन वर्षं प्रत्येक तारखेला येऊन बसायची. परत न आलेल्या चौघींपैकी एक तिची मुलगी होती, सतरा वर्षांची. मावशी तिच्याशी कधी बोलली नव्हती. काय बोलणार? मी आले आणि तुमची आली नाही, हे कुठल्या शब्दांत सांगतात?

त्याचा वकील उठला. गोड माणूस होता, आवाज लोण्यासारखा.

"ताई, जगात डावखुरी माणसं किती असतील?"

"पुष्कळ."

"लाखो?"

"असतील. त्यात काज घालणारी किती, ते तुम्ही सांगा. मला सापडली तर दुकानात ठेवून घेईन, कामाला माणूस मिळत नाही."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशबाईंनी तिकडे पाहिलं नाही, पण ओठ आवळले.

मग वकीलबाईंनी कोट पुढे आणला. मावशीने त्याच्याकडे पाहिलं. खाकी, जाड, खांदे अजून ताठ. तिने दोन्ही हात कठड्यावर घट्ट ठेवले. आरोपी बागेतून उचलून आणलेल्या माणसासारखा शांत बसला होता. वकीलबाई म्हणाल्या, अस्तर उसवण्याआधी साक्षीदाराने सांगावं की प्रत्येक बटणामागे काय आहे, आणि ते आधी नोंदवून घ्यावं.

"तिथे चिंध्या नव्हत्या," मावशी म्हणाली. "पाठ द्यायला कापड हवं ना? मी म्हटलं, कोणाच्या कपड्याला दुमडीत जास्तीचं असेल तर द्या. दिलं एकेकीने. वरून पहिल्याला माझंच, राखाडी. दुसऱ्याला लाल चौकडी, ती शिक्षिका होती तिच्या स्कर्टचं. तिसऱ्याला पिवळं. चौथ्याला निळं, त्यावर पांढरी बदकं. पाचव्याला हिरवी रेघ."

पुढे लोकांनी या गोष्टीची फार वाहवा केली, काय शक्कल लढवली म्हणाले. मावशी अजून म्हणते, शक्कल कसली डोंबलाची. पाठ दिल्याशिवाय बटण लावलं असतं तर बाबांनी वरून टपली मारली असती. तिला आठवतं ते वेगळंच. सतरा वर्षांच्या त्या पोरीने फ्रॉकची दुमड पुढे केली होती आणि म्हणाली होती, बघून काप, एक पूर्ण बदक घे. मावशीने कापलं तर दीड आलं. "अर्ध्याला पोहता यायचं नाही गं," ती पोरगी म्हणाली आणि दोघी तोंडात बोळा कोंबून हसल्या, दारावर पहारा होता म्हणून. त्या खोलीत त्या एकदाच हसल्या.

"उसवा," न्यायाधीशबाई म्हणाल्या.

मावशीने हात पुढे केला. "माझी कात्री खाली टोपलीत आहे."

पहारेकरी स्वतः कात्री घेऊन आला, दोन्ही हातांवर धरून, ताटात काही आणावं तशी. मावशीने पर्स चाचपली, कपाळ चाचपलं. पहिल्या रांगेतून लेक उठली, आईच्या गळ्यातल्या साखळीला अडकलेला चष्मा तिच्या हातात दिला आणि पुन्हा जाऊन बसली.

टाका तुटताना बारीक आवाज होतो. पहिली पाठ: राखाडी. दुसरी: लाल चौकडी. तिसरी: पिवळी. टाइप करणारा मान वर करून प्रत्येकीकडे बघत होता. चौथी निघाली. निळसर, मळकट, साधं कापड. बदक नाही, बदकाचं पीससुद्धा नाही.

"बदकं उडून गेली वाटतं," तो लोण्याचा वकील म्हणाला.

आरोपीने पहिल्यांदाच मान वर केली.

मावशीने त्या तुकड्याकडे पाहिलं. क्षणभर तिला वाटलं, सव्वीस वर्षं आपण खोटंच जपलं. मग तिच्यातल्या शिंपिणीला त्या वकिलाचा मनस्वी राग आला.

"छापील कापड आहे हे," ती म्हणाली. "छाप वर ठेवला तर रंग सुटून अस्तराला लागतो. मी नेहमी उलटी बाजू वर ठेवते. परतवा."

न्यायाधीशबाईंनी मान हलवली. मावशीने बटणाचे टाके कापले, चिमट्याने तुकडा परतवला आणि पुढे सरकवला. एक पांढरं बदक, चोच पिवळी. त्याच्यामागे दुसऱ्याचं अर्धं, मानेपासून कापलेलं.

वकीलबाईंनी फाईलमधून एक जुना कागद काढला. सव्वीस वर्षांपूर्वी एका आईने पोलिसांत दिलेली, मावशीला कधीच न दाखवलेली तक्रार. मुलगी हरवली. वय सतरा. शेवटचं दिसली तेव्हा अंगावर: निळा फ्रॉक, पांढऱ्या बदकांचा, घरी शिवलेला.

पाचवी पाठ हिरव्या रेघेचीच निघाली, पण ती कोणी धड पाहिली नाही. सगळे आजीकडे बघत होते. न्यायाधीशबाईंनी तिला जवळ यायला सांगितलं. आजी टेबलापाशी आली. हात लावायचा नाही, हे तिला कोणी सांगायची गरज पडली नाही. तिने हात पाठीमागे बांधले.

"मीच बेतला होता," ती मावशीला म्हणाली, कोर्टाला नाही. "कापड कमी पडलं. एका बाहीवर बदकं उलटी आली."

"कुठल्या?"

"डाव्या."

"दिसायची नाहीत हो," मावशी म्हणाली. "हात हलवत बोलायची ती. कोणाचं लक्ष बाहीकडे जाणार?"

आजीने मान डोलावली, बराच वेळ, जणू सव्वीस वर्षं तिला या बाहीचीच काळजी होती. मुलगी कुठे आहे हे त्या दिवशीही कोणी सांगितलं नाही. आरोपी कोटाकडे बघत नव्हता.

न्यायालयाच्या कारकुनाने मावशीला विचारलं, अस्तर पुन्हा टाचून द्याल का, वस्तू जपून ठेवायची आहे. उसवलेलं तसंच टाकून उठणं मावशीच्या रक्तात नाही. तिने कात्री पर्समध्ये ठेवली. "नाही," ती म्हणाली. "राहू दे उघडं."

निकाल चार महिन्यांनी आला. वकीलबाई धावतच दुकानात शिरल्या. दुमड सुटलेली होतीच. चोवीस वर्षं, त्या म्हणाल्या, आता तो बागेत परत जात नाही. आजीला त्या आधीच सांगून आल्या होत्या. मावशीने सुई पिनकुशनमध्ये खोचली आणि म्हणाली, "आणि ते नवशिक्याचं काय झालं?"

लेक त्या दिवशी आपल्या नोकरीवरून जवळच्या रस्त्याने, शाळेवरून, सरळ दुकानात आली होती. जागा नव्हती, म्हणून ती दाराच्या चौकटीत उभी राहिली आणि निकालाची पानं चाळू लागली. पान एकशे बारा.

"'तज्ज्ञाचा नवशिका हा शेरा न्यायालय अमान्य करत आहे. पाचही काजे एकाच कसबी हाताने, एकसारख्या पद्धतीने घातलेली आहेत.'"

मावशीने वकीलबाईंची पँट मागायला हात पुढे केला.

"परत वाच," ती म्हणाली. "आणि 'एकसारख्या'वर जरा थांब."